आई-बाबा जर्मनीला निघालेत? डॉइचलांड-टिकेट घ्यावे का?

लेकाकडे किंवा लेकीकडे महिनाभर राहायला नाशिकहून आई-बाबा जातात, तेव्हा मुलांना रजा जेमतेम आठ-दहा दिवसांची असते. उरलेले दिवस दोघांनी घरात बसून काढायचे नसतील, तर डॉइचलांड-टिकेट या जर्मनीभर चालणाऱ्या महिन्याच्या प्रवास-पासासारखी दुसरी सोय नाही. अट एकच: मुक्काम कॅलेंडरच्या महिन्यात बसवता आला पाहिजे.

एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास वापरलेल्यांना ही कल्पना लगेच समजेल. एसटीचा पास चार किंवा सात दिवसांचा असतो, हा महिन्याचा. 1 मे 2023 ला तो 49 युरोत सुरू झाला, जानेवारी 2025 पासून 58 झाला आणि जानेवारी 2026 पासून 63 युरोला मिळतो. तेवढ्यात देशभरातल्या प्रादेशिक गाड्या (आरई, आरबी), शहरांच्या एस-बान लोकल, ऊ-बान म्हणजे मेट्रो, ट्राम आणि शहर बस सगळे आले. वर्ग दुसरा. ज्येष्ठ नागरिकांना सवलत नाही, हे आधीच सांगितलेले बरे, कारण आपल्याकडे पासष्टीनंतर एसटीत अर्धे तिकीट आणि पंचाहत्तरीनंतर मोफत प्रवास अंगवळणी पडलेला असतो. दोघांचे 126 युरो धरूनच चालावे. नातवंड बरोबर असेल आणि सहा वर्षांच्या आतले असेल, तर त्याला तिकीट लागत नाही.

हा पास म्हणजे मासिक वर्गणी आहे, आणि घोळ होतो तो इथेच. महिना 1 तारखेला सुरू होतो आणि शेवटच्या तारखेला संपतो. 14 तारखेला उतरून पुढच्या महिन्याच्या 13 ला परतणाऱ्यांना दोन महिन्यांचे पैसे भरावे लागतात. म्हणून विमानाचे तिकीट काढतानाच विचार करावा. मुंबईहून 30 तारखेच्या रात्री निघून 1 तारखेला सकाळी उतरणे सगळ्यात फायद्याचे. मग विमानतळावरून घरी जाणारी एस-बानसुद्धा पासातच येते. फक्त 1 मे तिथेही सुट्टी असते आणि दुकाने बंद राहतात. दूध, भाजी, तांदूळ आदल्या दिवशीच आणून ठेवावेत.

वर्गणी आपोआप थांबत नाही. चालू महिन्याच्या 10 तारखेपर्यंत ती रद्द केली तरच महिनाअखेर बंद होते. एक दिवस चुकला की माणशी आणखी 63 युरो मुलाच्या खात्यातून कापले जातात. पास हातात आला की त्याच आठवड्यात रद्द करून टाकावा. तो महिनाअखेरपर्यंत चालतोच.

पास नावाचा असतो, दुसऱ्याला देता येत नाही. पैसे मुलाने भरले तरी पासावर प्रवाशाचे नाव हवे, तेही पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगने. तपासनीस ओळखपत्र मागतो, तेव्हा मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा. तिथल्या स्टेशनांवर तिकिटाची फाटके नाहीत, गाडीतच तपासणी होते आणि वैध तिकीट दाखवता आले नाही तर दंड साधारणपणे 60 युरोंचा. पास मोबाइलमध्ये असेल तर तो आई-बाबांच्या मोबाइलमध्ये हवा, मुलाच्या नव्हे. आणि पर्समध्ये पॉवर बँक हवीच. चिप असलेले कार्ड देणारा विक्रेता मिळाला तर ज्येष्ठांसाठी तेच घ्यावे.

आयसीई, आयसी, इसी या लांब पल्ल्याच्या गाड्या आणि फ्लिक्स या खासगी कंपनीच्या बस व गाड्या यांत पास चालत नाही. म्युनिकहून बर्लिनला आयसीई चार-साडेचार तासांत पोचते. प्रादेशिक गाड्यांनी दिवस जातो आणि पुन्हा पुन्हा गाडी बदलावी लागते. गुडघे दुखणाऱ्यांना तो प्रवास घडवू नये. अशा टप्प्यासाठी आयसीईचे स्वस्त तिकीट काही आठवडे आधी वेगळे काढावे. पासाची खरी मजा दोन-अडीच तासांच्या अंतरात आहे.

नाशिककरांना मध्य ऱ्हाईन नदीचे खोरे सुचवावेसे वाटते. माइन्झहून कोब्लेंझकडे डाव्या काठाने जाणाऱ्या आरबी गाडीत उजव्या हाताची खिडकी धरावी, नदी त्या बाजूला असते. वाटेत किल्ले, लोरेलायचा कडा आणि पाटीच्या दगडाच्या उभ्या उतारांवर द्राक्षबागा. दिंडोरी-निफाडच्या मांडवाखाली वावरलेल्या माणसाला त्या उतारावर छाटणी कशी करत असतील, हे पाहण्यातच तास निघून जातो. येताना उजव्या काठाच्या गाडीने यावे, म्हणजे दोन्ही बाजू होतात. नदीतल्या पर्यटन बोटींचे तिकीट मात्र वेगळे. हॅम्बुर्गला याच्या उलट: लांडुंग्सब्र्यूकेन धक्क्यावरून सुटणारी 62 क्रमांकाची फेरीबोट शहर वाहतुकीतच मोडते, त्यामुळे एल्बे नदीतून बंदर पाहणे पासात बसते.

म्युनिककडे असाल तर फ्यूसेनपर्यंत गाडी आणि तिथून नॉयश्वानस्टाइन किल्ल्याच्या पायथ्याच्या होहेनश्वानगाऊ गावाची बस, दोन्ही पासात. किल्ल्याचे प्रवेश तिकीट वेगळे, तेही ऑनलाइन वेळ ठरवून आधीच घ्यावे. टेगर्नझेच्या तळ्याला जाताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: म्युनिकहून सुटणाऱ्या त्या गाडीचे डबे वाटेत वेगळे होतात. होल्झकिर्शनला एक भाग बायरिशझेलकडे जातो, शाफ्टलाखला उरलेल्यातला एक लेंगग्रीसकडे आणि एक टेगर्नझेकडे. फलाटावरच्या फलकावर आणि डब्यावर गावाचे नाव वाचूनच चढावे. चुकीच्या डब्यात बसलेले आई-बाबा भलत्याच गावी उतरतात आणि तिथे हिंदी-मराठी कोणाला येत नाही.

प्रादेशिक गाड्यांत आरक्षण नसते. पंचवटी एक्स्प्रेससारखी आपली जागा ठरलेली नसल्याने शनिवार-रविवारी, त्यातही उन्हाळ्यात, उभे राहावे लागते. 2026 च्या मे महिन्यात 14 तारखेचा गुरुवार आणि 25 चा सोमवार सुट्टीचे आहेत. त्यांना लागून येणाऱ्या दिवसांत डोंगराकडच्या गाड्या टाळाव्यात. मंगळवार-बुधवारी सकाळी नऊनंतर निघणे उत्तम, कार्यालयांची गर्दी ओसरलेली असते. प्रादेशिक गाडीत बहुधा शौचालय असते, पण म्युनिकच्या एस-बानमध्ये नाही. स्टेशनवरच्या शौचालयासाठी एक-एक युरोची नाणी जवळ असू द्यावीत. गाडी बदलायला किमान 15 मिनिटे ठेवावीत; सहा मिनिटांची जोडणी ॲपवर सोपी दिसते, पण लिफ्ट बंद असेल तर जिना चढेपर्यंत गाडी गेलेली असते. उशीर झाला म्हणून या पासावर आयसीईत बसता येत नाही, तेव्हा परतीच्या विमानाच्या दिवशी दोन गाड्या आधीची धरावी.

या गाड्यांत फेरीवाले आणि पॅन्ट्री नाहीत, डबा घरून न्यावा. नाशिकचा चिवडा, कोरडी चटणी, भाजलेले दाणे बॅगेतून नेता येतात. खव्याचे पेढे, तूप आणि पनीर नेऊ नये, युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाला दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. घरची द्राक्षे आणि कढीपत्ता यांनाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय प्रवेश नाही.

महिन्यात दोन-तीनच सहली होणार असतील आणि सगळे कुटुंब एकत्रच फिरणार असेल, तर हा पास घेऊ नये. त्या-त्या राज्याचे एक दिवसाचे तिकीट पाहावे. म्युनिक ज्या बायर्न (बव्हेरिया) राज्यात आहे, तिथले बायर्न-टिकेट एकावर पाच जणांपर्यंत चालते, पहिल्या माणसाचे मूळ भाडे आणि पुढच्या प्रत्येकामागे थोडी भर. ते सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊपासून लागू होते, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून. नऊच्या आधीच्या गाडीत बसलात तर तो टप्पा विनातिकीट धरला जातो.