सहा महिन्यांत सीआयएसएसपी करून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध

नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका सायबर सिक्युरिटी क्लासने माझ्या भाच्याचे 85,000 रुपये बुडवले. पोरगा उमरेडचा, बी.कॉम. झालेला. निकाल लागले की असल्या क्लासेसचे बॅनर चौकाचौकांत लागतात, म्हणून सगळं लिहितो आहे. सीआयएसएसपी म्हणजे सायबर सिक्युरिटीतल्या अनुभवी लोकांसाठीचं प्रमाणपत्र.

तिथल्या काउन्सेलरने भाऊजींना सांगितलं, "काकाजी, डिग्री कोणतीही चालते. सहा महिन्यांत पोरगा सीआयएसएसपी होते, नोकरीची गॅरंटी आमची." यातलं पहिलं बरंचसं खरं आहे, म्हणूनच पुढचं गळी उतरतं. या क्षेत्रात यायला अमुकच पदवी हवी असा कायदा नाही. आयटीवाल्यांना कंपन्या आधी बोलावतात, एवढंच. पण सीआयएसएसपीला परीक्षेखेरीज आठपैकी किमान दोन विषयांतला पाच वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. संबंधित पदवी असली तर फार तर एक वर्ष सुटतं. कालच कॉलेजातून निघालेल्या पोराला सहा महिन्यांत ते मिळणं शक्यच नाही. हे सांगताना त्या बाईची जीभ जराही अडखळली नाही, याचा मला अजून संताप येतो.

भिंतीवर सोनेरी फ्रेममध्ये 'भारत सरकार मान्यताप्राप्त'. जवळ जाऊन वाचलं तर उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र! लहान उद्योगांना ही नोंदणी ऑनलाइन फुकट करता येते. अभ्यासक्रमाच्या मान्यतेशी तिचा काडीचा संबंध नाही. शेजारच्या आयएसओ 9001 या दर्जा व्यवस्थापनाच्या प्रमाणपत्राचंही तेच.

'बिनव्याजी हप्ते' म्हणून आधारचा ओटीपी घेतला. ते निघालं फायनान्स कंपनीचं कर्ज, भाऊजींच्या नावावर. क्लासला रक्कम एकदम मिळाली, मग शिकवायची घाई कोणाला? जुने व्हिडिओ लावून सर गायब. "मामा, हे लोक सबनेटिंगसुद्धा नाही शिकवून राहिले," भाचा म्हणायचा. सबनेटिंग म्हणजे मोठ्या नेटवर्कचे लहान भाग पाडणं, नेटवर्किंगचा पायाच. नेटवर्किंग आणि लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम पक्की नसेल तर सुरुवातीच्या एसओसी ॲनालिस्टच्या, म्हणजे सायबर हल्ल्यांवर नजर ठेवणाऱ्याच्या, मुलाखतीतही टिकाव लागत नाही. शेवटी हातात क्लासचंच होलोग्रामवालं सर्टिफिकेट, आणि प्लेसमेंट म्हणून कमिशनवर क्रेडिट कार्ड विकायचं काम.

पोरांनो, सिक्युरिटी प्लस या सुरुवातीच्या प्रमाणपत्राच्या परीक्षेला पदवीची किंवा क्लासची अट नाही. ती 90 मिनिटांची असते आणि स्वतःच्या नावाने पिअर्सन व्ह्यू या परीक्षा बुकिंगच्या साइटवर बुक करता येते. पात्रता नेहमी परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्याच साइटवर वाचा. वर्गात बसूनच शिकायचं असेल तर सी-डॅक या सरकारी संस्थेचा सिक्युरिटीचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. त्याला सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. आयआयटीवाल्यांच्या एनपीटीईएलचे व्हिडिओ तर फुकट आहेत.

कोणी आधीच अडकलं असेल तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मग जिल्हा ग्राहक आयोगात जा. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही. पावती, हँडबिल, व्हॉट्सॲपवरची आश्वासनं जपून ठेवा. रागाच्या भरात हप्ते मात्र थांबवू नका, ज्याच्या नावावर कर्ज आहे त्याचा, म्हणजे आमच्याकडे भाऊजींचा, सिबिल स्कोअर (कर्जफेडीची पत) खराब होतो. आमची तक्रार आयोगात दाखल आहे.