पाटी नसलेले गॅरेज आणि तापल्यावर बंद पडणारी बुलेट

रत्नागिरीहून नाचणे गावाकडे जाताना मुख्य रस्ता सोडून आत वळले की आंब्याच्या कलमांच्या कडेला चिऱ्याच्या भिंतींची आणि पत्र्याच्या छपराची एक खोली लागते. तिच्यावर पाटी नाही. जुन्या बुलेट, येझदी आणि राजदूत जपणारी आसपासची मंडळी तिला नुसते ‘मेस्त्रींचे गॅरेज’ म्हणतात. माझ्या वडिलांनी घेतलेली 1978 सालची 350 सीसीची बुलेट मी या गॅरेजात चार दिवस ठेवली होती. त्या कामाबद्दल सविस्तर लिहावेसे वाटते, कारण प्रज्वलनातला, म्हणजे इग्निशनमधला, दोष शोधण्याची इतकी शिस्तशीर पद्धत मी यापूर्वी कुठल्याही गॅरेजात पाहिलेली नव्हती.

तक्रार अशी होती. सकाळी गाडी पहिल्या किंवा दुसऱ्या किकला चालू होई आणि शहरात व्यवस्थित चाले. परंतु हातखंब्याच्या आसपास पोहोचेपर्यंत ती अडखळू लागे, सायलेन्सरमधून फटाके वाजत आणि शेवटी ती बंद पडे. अर्धा तास सावलीत उभी केली की पुन्हा जणू काही झालेच नव्हते अशी चालू होई. आधीच्या एका गॅरेजात याच तक्रारीसाठी प्लग बदलला, कार्ब्युरेटर दोनदा साफ केला आणि शेवटी ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारी कॉइलही नवी बसवली. दोष मात्र जिथल्या तिथे राहिला आणि त्या गॅरेजचे नाव लिहिण्यात आता काही अर्थ नाही.

मेस्त्रींनी गाडी थंड असताना तिला हात लावण्यास नकार दिला. “तुम्ही ती तापवून आणा. ज्या वेळी ती रुसते त्या वेळीच मला बघायची आहे,” एवढेच ते म्हणाले. त्यामुळे आम्ही दोघे गाडीवरूनच निघालो आणि चढावर ती नेहमीप्रमाणे बंद पडली, तेव्हा त्यांनी सर्वप्रथम पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडले. झाकणातले हवेचे छिद्र बुजले असेल तर टाकीत पोकळी निर्माण होऊन पेट्रोल खाली उतरत नाही आणि अशी गाडीही काही किलोमीटरनंतरच बंद पडते, म्हणजे लक्षण अगदी सारखे दिसते. झाकण उघडूनही गाडी चालू झाली नाही. मग त्यांनी प्लग काढला. तो पेट्रोलने ओला होता, म्हणजे पेट्रोल पोहोचत होते आणि ठिणगीच कमी पडत होती. प्लग टोपीला जोडून इंजिनच्या हेडला टेकवला आणि किक मारली, तेव्हा निळी, ठसठशीत ठिणगी पडण्याऐवजी पिवळसर आणि बारीक ठिणगी दिसली. आधीच्या गॅरेजात हजारो रुपये खर्चून जे कळले नव्हते ते रस्त्याच्या कडेला पाच मिनिटांत कळले.

यानंतरची तपासणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. या बुलेटच्या हेडलाइटच्या खोक्यावर जो अँपिअर मीटर असतो, त्याकडे बहुतेक चालक बॅटरी चार्ज होते की नाही एवढ्यासाठीच पाहतात. मेस्त्रींनी किल्ली चालू केली आणि हाताने किक हळूहळू दाबत मला काटा बघायला सांगितला. पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट जोडणारी-तोडणारी धातूची दोन तोंडे, मिटलेले असतात तेव्हा कॉइलमधून करंट वाहतो आणि काटा उणे बाजूला झुकतो. पॉइंट उघडले की तो मध्यावर परत येतो. काटा हललाच नाही तर करंट पॉइंटपर्यंत पोहोचतच नाही, म्हणजे वायर तुटली आहे किंवा पॉइंटवर मळ साचला आहे; काटा झुकून तसाच राहिला तर पॉइंट उघडत नाहीत किंवा पॉइंटला जोडलेला कंडेन्सर, म्हणजे क्षणभर वीज साठवणारा भाग, आतून पूर्ण शॉर्ट झाला आहे. माझ्या गाडीत काटा नीट खालीवर होत होता. बोलत असताना त्यांनी दर वेळी किल्ली बंद केली, कारण पॉइंट मिटलेल्या अवस्थेत किल्ली चालू राहिली तर कॉइल विनाकारण तापते. ही सवय मी त्या दिवसापासून स्वतःला लावून घेतली आहे.

मग त्यांनी सिलिंडरच्या मागचे, पॉइंट ज्यात असतात त्या डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढले. पॉइंटच्या एका तोंडावर खड्डा आणि समोरच्या तोंडावर तितकाच उंचवटा तयार झाला होता आणि किक मारताना पॉइंटमध्येच मोठी ठिणगी उडताना दिसत होती. कंडेन्सर ठीक नसल्याची ही ठळक खूण आहे. पॉइंट उघडतात त्या क्षणी कॉइलमधला करंट तटकन थांबला पाहिजे, तरच कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब तयार होऊन प्लगवर ठिणगी पडते. तो करंट पॉइंटच्या फटीतून उडी मारू नये म्हणून कंडेन्सर क्षणभर त्याला स्वतःत सामावून घेतो. कंडेन्सरमधले आवरण ओल आणि उष्णता खाऊन कमकुवत झाले की थंड असताना तो काम निभावतो आणि तापल्यावर गळू लागतो. समुद्राकाठच्या दमट, खारट हवेत वर्षानुवर्षे राहिलेल्या गाडीत असे होणे मला तरी नवलाचे वाटत नाही. मेस्त्रींनी खिशातून दोन वायरी जोडलेला एक चांगला कंडेन्सर काढला, जुन्याची वायर सोडवून तो बाहेरूनच लावला आणि तापलेली गाडी पहिल्या किकला चालू झाली. हा सुटा भाग आधी बाहेरून जोडून पाहण्याचा आणि खात्री झाल्यावरच बदलण्याचा आग्रह मला त्यांच्या कामातला सर्वांत मोठा गुण वाटला.

गॅरेजात परतल्यावर उरलेले काम झाले. पॉइंटची तोंडे त्यांनी बारीक दगडाने सपाट केली आणि पेट्रोलमध्ये भिजवलेला जाड कागद मधून ओढून साफ केली. खरखरीत पॉलिश पेपर वापरला तर त्याचे कण आत अडकतात, असे त्यांचे म्हणणे आहे. फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्टीने, पॉइंटमधली फट 0.38 मिलिमीटर ठेवली. पॉइंटची फायबरची टाच झिजत गेली की फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे पडते, म्हणून फट आधी आणि टायमिंग नंतर हा क्रम त्यांनी मोडला नाही. टायमिंगसाठी पिस्टन वरच्या टोकाच्या 0.8 मिलिमीटर अलीकडे आणून पॉइंटमध्ये सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरला, आणि कागद ज्या क्षणी सैल सुटला तिथे डिस्ट्रिब्युटर घट्ट केला. टाचेखाली ग्रीस लावले ते फक्त बोटाच्या टोकाएवढे, कारण जास्त झालेले ग्रीस पॉइंटवर उडते.

संध्याकाळी अंधार पडल्यावर त्यांनी गाडी चालू करून मला कॉइलचा दाब प्लगपर्यंत नेणाऱ्या हाय टेन्शन वायरकडे बघायला सांगितले. वायरीच्या बाजूने निळसर तुषार उडत होते. रबराला बारीक चिरा पडल्या होत्या आणि पावसाळ्यात गाडीने हमखास दगा दिला असता. ती वायर आणि प्लगची टोपी बदलली, टाकीखालचे अर्थिंगचे टोक, ज्यावर हिरवट थर चढला होता, घासून चकचकीत केले आणि सर्व टोकांना पेट्रोलियम जेली लावली. कोकणात हे शेवटचे काम दर पावसाळ्याआधी करावे, असा त्यांचा सल्ला आहे आणि तो मला पटतो.

कंडेन्सर, वायर आणि टोपी मिळून 540 रुपये झाले आणि मजुरी 700 रुपये घेतली. इतक्या बारकाईच्या कामाला ही मजुरी कमी आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. बिल मिळत नाही आणि दिवस ठरवून दिला जात नाही; दोन दिवसांत होईल म्हटलेले काम चार दिवसांनी झाले. बसायला एक बाक आहे, तोही उन्हात. काही जोडांवर त्यांनी साधी काळी टेप गुंडाळली आहे, जी आमच्या उकाड्यात चिकट होऊन सुटते. तिथे तापवल्यावर आकसून घट्ट बसणारी नळी बसवायला हवी होती आणि ती मी नंतर स्वतः बसवली. पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून द्यायला ते तयार होत नाहीत. पॉइंट बिघडले तर रस्त्यात दुरुस्त होतात, बंद पडलेली इलेक्ट्रॉनिक पेटी मात्र तिथे उघडता येत नाही, हा त्यांचा मुद्दा लांबच्या प्रवासासाठी योग्य आहे. रोज कामावर जाण्यासाठी जुनी गाडी वापरणाऱ्याने मात्र त्यांच्या नकारावर थांबू नये, कारण पॉइंटची देखभाल दर दोन-तीन हजार किलोमीटरला करावी लागते आणि प्रत्येकाला तेवढा वेळ असतोच असे नाही.

काम होऊन आता एक पूर्ण पावसाळा गेला आहे. या काळात पाली, नाणीज, साखरपा करत आंबा घाट दोनदा चढलो आणि गाडी एकदाही अडखळली नाही. तिकडे जायचे असेल त्यांनी सकाळी अकराच्या आत जावे, गाडी तापलेल्या अवस्थेत न्यावी आणि आधी काय काय बदलले आहे ते कागदावर लिहून न्यावे, कारण मेस्त्री पहिला प्रश्न तोच विचारतात. गणपतीत आणि शिमग्यात गॅरेज बंद असते.