फिटिंगची हमी, आठ ब्लाउज आणि ४६,६०० रुपये

नाटकासाठी जुने लष्करी पोशाख शिवून घ्यायला गेलो आणि फसलो. आधी आकडे सांगतो, कारण आमच्या नाटकवाल्यांत या आकड्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या फिरताहेत आणि एकीत तर मी लाखभर रुपये बुडवलेत. आगाऊ १९,४००. 'फिटिंग चार्ज' २,८००. माल निघण्याआधी उरलेले १९,४००. परत मिळणारी (!) अनामत ५,०००. एकूण ४६,६००. त्यानंतर आणखी ७,५०० मागितले, ते दिले नाहीत. पैसे ग्रुपचे होते, वर्गणीचे. खजिनदार ताई अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

आमची नगरची हौशी मंडळी. यंदाची एकांकिका नामदेव जाधवांवर. जिल्ह्यातलाच माणूस, निमजचा. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन. जखमी साथीदारांना गोळीबारातून उचलून आणलं, हाताला गोळी लागल्यावर बंदूक चालवता येईना तर बाँब फेकून मशीनगनची ठाणी उडवली, आणि शेवटी नदीच्या बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना करत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अशा माणसावर नाटक करायचं आणि पोरांना सिक्युरिटी गार्डचे कपडे घालायचे, हे मला पटत नव्हतं. तेवढाच माझा गुन्हा.

त्या काळातला लोकरी सर्जचा बॅटलड्रेस, म्हणजे शिपायांचा आखूड जॅकेट (त्यालाच ब्लाउज म्हणतात) आणि पॅन्टचा गणवेश, भाड्याने मिळत नाही. कपडेपटवाल्यांकडे 'मिलिटरी' म्हणून जे असतं ते एकतर आजचं चट्टेरीपट्टेरी, नाहीतर हिंदी सिनेमातल्या इंग्रज शिपायाचं. म्हणून शिवून देणारा शोधत होतो. एका ओळखीच्या ओळखीतून नंबर मिळाला. मराठी बोलणारा, 'दादा दादा' करणारा, मुंबईजवळ कारखाना आहे म्हणणारा. मला कोणी भोळा म्हणू नये म्हणून सांगतो, त्याला विषय येत होता. १९३७ च्या पॅटर्नला बटणं पट्टीखाली झाकलेली असतात, १९४० च्या काटकसरीच्या पॅटर्नला ती वर दिसतात आणि खिशांच्या चुण्या गेलेल्या असतात, हे त्याने मला सांगितलं, मी त्याला नाही. डाव्या मांडीवर नकाशाचा मोठा खिसा, उजवीकडे मलमपट्टीचा छोटा खिसा, सगळं तोंडपाठ. व्हिडिओ कॉलवर एक ब्लाउज हातात धरून दाखवला. आता कळतंय की तो ब्लाउज त्याने कुठून तरी विकत आणलेला होता आणि तोच सगळ्यांना दाखवत असणार. पाठवलेले फोटोही परदेशातल्या एका विक्रेत्याचे निघाले. इंटरनेटवर फोटो टाकून तो मूळ कुठला हे शोधायला एक मिनिट लागतं. बघा.

एका पोशाखाचे ४,८५०, आठांचे ३८,८००, निम्मे आगाऊ, आणि वर 'फिटिंगची हमी, बसला नाही तर बदलून'. या हमीसाठीच तर मी त्याच्याकडे गेलो. ज्याने जुन्या कापाचे कपडे कधी अंगावर चढवलेत त्याला माहीत आहे की कापड, बटणं, बिल्ले हे सगळं मिळवता येतं, खरं रडगाणं फिटिंगचं असतं.

आता तो क्षण. रात्री झोप लागत नाही ती याच्यामुळे.

त्याने मापांचा तक्ता पाठवला. छाती, उंची, बाही, पॅन्टचा नंबर. बास. पॅन्टचा नंबर! बॅटलड्रेसची पॅन्ट बेंबीवर बसते. आजची जीन्स त्याच्या तीन-चार बोटं खाली बसते, आणि तिच्या लेबलवरचा ३२ टेप लावला की ३४-३५ भरतो. ब्लाउज आखूड, कमरेलाच संपणारा, आणि पाठीमागे आतून पॅन्टच्या बटणांना अडकवायचा. म्हणजे पॅन्ट कुठे बसते यावर अख्खा पोशाख अवलंबून. कमरेपासून खाली आसन (दोन पायांमधला जोड) किती खोल, हे माप नसेल तर कापायला कात्री उचलताच येत नाही. कोपऱ्यावरचा शिंपीसुद्धा लेंगा शिवताना आसन विचारतो. या महाशयांनी विचारलं नाही. बेंबीवरची कमर विचारली नाही. मुंढा (बाही जोडतात तो बगलेतला घेर) विचारला नाही. आणि मला ते दिसलं! मी स्वतः त्याला मेसेज टाकला, "आसनाचं माप नको का?"

त्यावर उत्तर आलं, "हो दादा, बरं आठवण केलीत, पण स्पेशल आसन आणि हाय वेस्ट करायचं तर फिटिंग चार्ज नगामागे ३५०."

इथे उठायला हवं होतं. ज्या कपड्याचं मूळ रूपच बेंबीवर बसणारं आहे त्याला 'स्पेशल' काय? हे म्हणजे पुरणपोळीत पुरण हवं तर वेगळे पैसे. मी काय केलं? नगामागे ३५० म्हणजे आठांचे २,८००, पाठवले. कारण तालमी सुरू होत्या, कारण दिग्दर्शक रोज विचारत होते, कारण १९,४०० आधीच गेले होते आणि २,८०० साठी ते अडकवायचे का असं वाटलं. तुम्हीही पाठवले असते. नाही म्हणू नका.

तर पहिलं लिहून घ्या, जो शिवणारा आसन, बेंबीवरची कमर आणि मुंढा स्वतःहून विचारत नाही, तो शिवणारा नाहीच.

पुढची वाट तुम्हाला माहीत आहे. माल तयार, उरलेले टाका. टाकले. मग 'ट्रान्सपोर्टची अनामत, माल पोचला की परत', ५,०००. टाकले. बिल मागितलं तर बिलही आलं, जीएसटी क्रमांकासकट. बिलावर पत्ता मुंबईजवळचा आणि क्रमांकाची सुरुवात ०९ ने. महाराष्ट्राचा कोड २७ आहे, ०९ उत्तर प्रदेशचा. हे मला नंतर आमच्या सीए भाच्याने हसत हसत सांगितलं. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की नाव फुकट दिसतं. तो क्रमांक कुठल्याशा सिमेंट विक्रेत्याचा होता. भाच्याला विचारायला मला कोणी अडवलं नव्हतं, हे ताईंनी चारचौघांत ऐकवून झालंय, परत नको.

पार्सल आलं. लोक म्हणतात फसवणूक म्हणजे रिकामा खोका किंवा विटा. तसं झालं असतं तर बरं झालं असतं, पोलिसांनी निदान ऐकलं तरी असतं. या खोक्यात कपडे होते. पॉलिस्टरचे खाकी जॅकेट, गार्डचेच, खालून कापून कमरेला पट्टी जोडलेली. पॅन्टला झिप, कमर खाली, मांडीवर रिकामा खिसा टाचलेला.

पहिल्याच तालमीत जाधव झालेला पोरगा बांधावर चढून दोन्ही हात वर करून गर्जना करायला गेला आणि अख्खा ब्लाउज बरगड्यांपर्यंत वर. खाली चार बोटं बनियन आणि चड्डीचं इलॅस्टिक. पोरं हसून लोळली. नाटकातला सगळ्यात मोठा क्षण तो.

कारण साधं आहे. जुन्या कापात मुंढा बगलेला अगदी वर, घट्ट असतो. म्हणून हात उचलला तर फक्त बाही उचलते. आजच्या सैल कापात मुंढा खाली लोंबतो, हात वर गेला की सगळं अंग ओढलं जातं. आणि खाली धरून ठेवायला मागची बटणं नाहीत, पॅन्ट गॅलिसवर, म्हणजे खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्यांवर, नाही. मोठा साइज मागवून हे सुटत नाही, उलट वाढतं, कारण मोठ्या साइजचा मुंढा आणखी खाली जातो. हे लक्षात ठेवा, पुष्कळ जण तीच चूक करतात.

त्या शिवणाऱ्याकडे तक्रार केली तर साहेब म्हणाले, "मापं तुम्हीच दिली ना दादा?"

हीच यांची खरी युक्ती. मापाने शिवलेला माल परत घेत नाहीत हे सगळ्यांनाच मान्य. मग मालच वेगळा पाठवला तरी भांडण 'बसत नाही' वर आणून ठेवायचं. मी म्हणतोय लोकर नाही, तो म्हणतोय खांद्यात किती हवं. आणि प्रत्येक दुरुस्तीला नवे पैसे. म्हणून तक्रारीत 'फिटिंग' हा शब्दच घालू नका. कापड वेगळं, काप वेगळा, ठरलेली वस्तू ही नव्हे, असंच लिहा. मी पहिल्या मेसेजमध्ये 'फिटिंग बरोबर नाही' लिहिलं आणि तेच वाक्य पुढे सगळ्यांनी माझ्या तोंडावर मारलं.

दोन दिवस गेले नाहीत तोच एका 'अधिकाऱ्याचा' फोन. हिंदीत. विनापरवाना सैनिकी गणवेश मागवल्याबद्दल कारवाई, मिटवायचं तर ७,५००. छातीत धस्स झालं, खोटं कशाला सांगू. अर्धसत्य असतं ना त्यात. भारतीय लष्कराच्या आजच्या नव्या गणवेशाच्या नक्षीची नोंदणी लष्कराच्या नावावर आहे, बाहेर कोणी बनवून विकू शकत नाही. आणि सैनिक असल्याचं भासवायला सैनिकी पोशाख घालणं हा गुन्हाच आहे, जुन्या दंडसंहितेत १४० वं कलम होतं. पण त्यात हेतू भासवण्याचा लागतो. रंगमंचावर १९४५ चा शिपाई उभा करणारा पोरगा कोणाला फसवतोय? आमच्या शेजारचे निवृत्त सुभेदार काका फोन हातात घेऊन म्हणाले, "बाळा, तुझं युनिट कुठलं?" फोन कट. त्या एका वाक्याने ७,५०० वाचले. काकांना आधीच विचारलं असतं तर, असो.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तक्रार क्रमांक मिळाला. पण तोवर पैसे पुढे सरकून गेलेले. पैसे गेल्या गेल्या तासा-दोन तासांत या हेल्पलाइनवर फोन केला तर रक्कम अडकवून ठेवता येते. पार्सल येण्याची वाट बघत बसलात तर काही उरत नाही. आणि अशी प्रकरणं मुद्दाम रेंगाळवतात ती त्यासाठीच.

मग ठाणं. तिथल्या साहेबांनी खोका बघितला, एक जॅकेट उचललं, हाताने चाचपलं आणि म्हणाले, "चांगलं तर आहे की." मी पॅटर्न समजावायला लागलो तर बाकड्यावरचा दुसरा म्हणतो, "नाटकच करायचंय ना?" मग ऐकवलं की माल मिळालेला आहे, म्हणजे हा दिवाणी वाद, ग्राहक मंचात जा. खोटा जीएसटी क्रमांक, चोरलेले फोटो, अधिकारी असल्याचा फोन, यातलं दिवाणी काय? विचारलं. "आमच्या हद्दीत घडलंय का?" पैसे नगरमधून गेले, माल नगरमध्ये आला, धमकीचा फोन नगरमध्ये आला, मग घडलं कुठे, चंद्रावर? आणि नव्या कायद्यात हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती घ्यावीच लागते, झिरो एफआयआर म्हणतात तिला. हे मी म्हणालो तर साहेब म्हणाले, "वकील आहात का?" शेवटी साधा अर्ज घेतला, पोच द्यायला टाळाटाळ. पोच घेतल्याशिवाय उठू नका, कितीही तोंड वाकडं केलं तरी.

बँकेची तऱ्हा वेगळी. पैसे तुम्हीच पिन टाकून पाठवलेत, आमचा संबंध नाही. समोरच्या खात्याचा मालक कोण? गोपनीय. चोराची गोपनीयता जपायला सगळी यंत्रणा तत्पर, माझं नाव-गाव-पत्ता मात्र प्रत्येक खिडकीवर तीन प्रतींत.

खोक्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता होता. तिकडे राहणाऱ्या मित्राला पाठवलं. पंक्चरचं दुकान. दुकानदाराला रोज कोणी ना कोणी विचारायला येतं म्हणे. म्हणजे मी एकटा नाही, हे ऐकून वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगू, जरा बरं वाटलं.

प्रयोग तर करायचा होता. आमच्या पेठेतल्या शिंपीमामांनी जे जमलं ते केलं, आणि ते सांगतो कारण कोणाच्या तरी गळ्यात असेच कपडे पडतील. पॅन्टला वरून अडीच इंचाची पट्टी जोडून कमर बेंबीवर नेली, जोड ब्लाउजखाली झाकला जातो. आतून बटणं लावून गॅलिस दिले, बेल्टने ती उंची टिकत नाही. ब्लाउजच्या मागच्या पट्टीला आतून काज करून तो पॅन्टला अडकवला. बगलेत चौकोनी कळी (कापडाचा जोड) घातली, त्याने हात सुटला. खरं तर मुंढाच वर घ्यायला हवा होता, पण त्यासाठी शिवणीत जादा कापड लागतं आणि या भामट्याने शिवणीत पाव इंचही सोडलेलं नव्हतं. माल हातात आला की आधी उलटा करून शिवण बघा. पॉलिस्टरचं आणखी एक दुखणं, लोकर वाफेच्या इस्त्रीने ताणता, आवळता येते, खांद्यावर बसवता येते. पॉलिस्टर चकाकतं फक्त. मामांनी मजुरी नगामागे २२० लावली, म्हणजे आणखी १,७६०. ते मी माझ्या खिशातून दिले.

मापं बूट आणि आतला शर्ट घालूनच घ्या, आणि दुसऱ्याने घ्यायची, स्वतःची स्वतः नाही. आठ हवे असतील तर आधी एकच मागवा, पूर्ण पैसे देऊन का होईना. तो घालून हात वर करा, उकिडवे बसा, जिना चढा. मग सातांचं बोला. खोका उघडताना सलग व्हिडिओ काढा, मी काढला नव्हता.

ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, ऑनलाइन होतं, एवढं एक बरं. पण समोरच्याचा खरा पत्ता लागतो. आमची नोटीस 'या नावाचे कोणी राहत नाही' असा शेरा घेऊन परत आली. आता ज्या खात्यात पैसे गेले त्याच्या मालकाचं नाव-पत्ता मागवून घ्यावा, असा अर्ज आयोगापुढे दिलाय. तारीख पुढच्या महिन्यातली आहे. तोवर त्या नंबरचा डीपी बदललाय, आता तो पेशवाई पगड्या आणि अंगरखे विकतो, 'फिटिंगची हमी' तशीच आहे.