गहू बंद असताना दिंडीतलं जेवण : माझा अनुभव

मला सिलिअॅक आहे, म्हणजे गहू, रवा, मैदा कायमचं बंद, आणि यंदा माउलींच्या पालखीसोबत आळंदी ते पंढरपूर पूर्ण चालायचं ठरवलं, साधारण २५० किलोमीटर. दिंडीचं नाव देत नाही, माणसं खरंच चांगली आहेत, पण भिशी (दिंडीतल्या जेवणाखाण्याचे पैसे) भरायच्या आधी मी फोनवर तीनदा विचारलं होतं आणि तिन्ही वेळा "ताई भाकरी रोज असते, काळजीच नको" एवढंच. असते ना, पण रात्री. दुपारच्या पंगतीला चपातीच, मग मी आपली भात-आमटी.

पुणे ते सासवड मात्र मजा, त्या दिवशी योगिनी एकादशी, दिवे घाट चढताना जो तो साबुदाणा, भगर, राजगिऱ्याचे लाडू देतोय आणि मी कोणाला काहीही न विचारता खातेय, एकादशी अन् दुप्पट खाशी अक्षरशः! बाकी दिवस रस्त्यावरचं अन्नदान म्हणजे शिरा, उपमा, बिस्किटं. प्रसादाला नाही कसं म्हणायचं, कपाळाला लावायचा आणि शेजारच्या आजींच्या हातात द्यायचा.

लोणंदला पोट बिघडलं. रात्रभर राहुटी ते शौचालय अशी माझी वेगळीच वारी, आणि दुसऱ्या दिवशी चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण (वारकऱ्यांच्या रांगांमधून अश्व धावतो ते) टेम्पोत पडून नुसतं कानांनी ऐकलं, अजून रडू येतं. तरडगावला आचारीमामांकडून हिंगाची डबी घेऊन उलटी केली तर खाली बारीक अक्षरात गव्हाचं पीठ. "एवढ्याशा हिंगाने काय होतंय माउली?" आता हिंग होता की तवा देव जाणे, कारण तव्यावर पण आधी चपात्या आणि मग भाकऱ्या. मी चिडून बोलले थोडं. भाकरीवाल्या मावशी काहीच बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या संध्याकाळी बघते तर त्यांनी तवा राखेने घासून काढलेला, काठवट धुतलेली, आणि चपात्यांच्या आधी माझ्या तीन भाकऱ्या थापून फडक्यात बांधून बाजूला, वर ठेचा. वाखरीपर्यंत, म्हणजे पंढरपूरच्या आधीच्या शेवटच्या तळापर्यंत, रोज.

तर जेवणाला पाचपैकी तीन, मावशींना पाच. जाणार असाल तर दिंडीचालकांना फोन करून भागत नाही, पहिल्याच तळावर आधी चुलीपाशी जाऊन बसा, आणि गव्हाचं पीठ नसलेला हिंग, डबीवरची बारीक अक्षरं वाचून, घरूनच न्या.