सकाळी आनंद कारज, संध्याकाळी व्हाइट वेडिंग: गोव्यातलं एक पॅकेज

एकाच दिवशी आनंद कारज म्हणजे शीख लग्नविधी आणि व्हाइट वेडिंग म्हणजे पांढऱ्या गाऊनमधलं पाश्चात्त्य लग्न, अशा दोन्ही पद्धतींनी लग्न लावून देणारी पॅकेजेस गोव्यात बरीच आहेत. उत्तर गोव्यातल्या एका आयोजकाचं पॅकेज आम्हाला उजवं वाटलं, ते मुख्यतः एका कारणासाठी: आनंद कारज किनाऱ्यावर नाही, बेतीच्या गुरुद्वारात होतो. गुरू ग्रंथ साहिब किनाऱ्यावर किंवा रिसॉर्टवर नेऊन लग्न लावायला अकाल तख्ताने, म्हणजे शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाने, ऑक्टोबर २०२३ मध्ये मनाई केली. तरीही 'बीच आनंद कारज' विकणारे आहेत. त्यांच्या नादी लागू नका.

मात्र एक महत्त्वाची गोष्ट यांच्या माहितीपत्रकात नाही. शीख रहत मर्यादेनुसार (शिखांची आचारसंहिता) वधू-वर दोघंही शीख असावे लागतात. जोडीदार परदेशी, बिगरशीख असेल तर विमानाची तिकिटं काढायच्या आधी गुरुद्वारा समितीशी बोला. ऐनवेळी नकार आला तर आयोजकाच्या हातात काहीच नसतं.

सकाळची आखणी नेटकी आहे. मिलनी (दोन्ही घरच्यांची भेट), चहापाणी, मग दरबारात म्हणजे मुख्य दालनात कीर्तन, अरदास (प्रार्थना) आणि चार लावां, म्हणजे लग्नाची चार पदं. हे सगळं दुपारी बाराच्या आत. प्रत्येक लाव आधी वाचली जाते, मग रागी (कीर्तनकार) ती गातात आणि जोडपं गुरू ग्रंथ साहिबला उजवी घालत फेरी मारतं. वर पुढे, वधू मागे, दोघांच्या हातात एकच पल्ला, म्हणजे लांब कापड. इथे आयोजकाने दिलेला पल्ला आखूड होता. वराने पाऊल जरा लांब टाकलं की वधूचा हात ओढला जायचा आणि जड लेहंग्यात तिचा तोल जायचा. अडीच मीटरचा पल्ला स्वतःच घेऊन जा. पाहुण्यांच्या डोक्यासाठी रुमाल भरपूर ठेवले होते, पगड्या बांधायलाही माणूस होता. पण एका पगडीला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तेव्हा दहा-बारा पाहुण्यांसाठी दोन माणसं मागा. परदेशी पाहुण्यांना मांडी घालून बसायचंय हे आधी कळवा, म्हणजे घट्ट पँट आणि आखूड स्कर्ट टळतील. गुरुद्वारात येण्याआधी दारू नको, खिशात सिगारेटही नको. लंगर, म्हणजे गुरुद्वारातलं सामूहिक जेवण, शाकाहारीच.

संध्याकाळचा भाग तितका जमलेला नाही. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि यांनी सुरुवात साडेपाचला ठेवलेली. वधूचे केस सोडून पुन्हा बांधायचे, मेकअप बदलायचा, गाऊन चढवायचा, यात उशीर होतोच. मग शपथा आणि अंगठ्या अंधारात. पाचची वेळ मागून घ्या आणि मधे किमान तीन तास मोकळे ठेवा. वाळूत हील्स रुततात, म्हणून चालायच्या वाटेवर फळ्या हव्यात, नुसता गालिचा पुरत नाही. कॉलर माइकला वाऱ्यासाठी फोमचं टोपण नसेल तर शपथांऐवजी घरघर ऐकू येते. बटरक्रीमचा केक उघड्यावर ठेवू नका. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करावे लागतात, त्यामुळे नाच जेवणाआधी घ्या.

किनाऱ्यावरचा सोहळा चालवणारा सेलिब्रंट (शपथा वदवून घेणारा माणूस) पाद्री नसतो आणि त्याच्या सहीला कायद्याने काही अर्थ नाही. विवाहनोंदणी वेगळी करावी लागते, ती पॅकेजमध्ये नाही.

गुरुद्वाराचा भाग यांच्याकडे निर्धास्त सोपवा. किनाऱ्याचं वेळापत्रक मात्र स्वतः बसून लिहून घ्या.