बाडेन-बाडेन: गरम पाण्यात चार दिवस निवांत

कोल्हापूरहून आईला घेऊन जर्मनीतल्या बाडेन-बाडेनला चार दिवस राहून आलो, लई निवांत गाव. १८७७ सालच्या फ्रीडरिक्सबाद या स्नानगृहात १७ टप्प्यांची आंघोळ असते, पण तीही परंपरेनं बिनकपड्यांची, आई म्हणाली तूच जा बाबा! मग दोघं काराकल्ला या दुसऱ्या स्नानगृहात गेलो, तिथं हौदात स्विमसूट चालतो (वरच्या सौनात, म्हणजे घाम काढायच्या गरम खोलीत, नाही, आधीच सांगतो). जमिनीतनं पाणी ६८ अंशांपर्यंत गरम येतंय पण हौदात सोसेल इतकंच, बाहेर कडाक्याची थंडी नि गळ्यापर्यंत वाफाळतं पाणी, आईचे गुडघे दोन दिवस कुरकुरलेच नाहीत. हॉटेल मात्र ठीकठाक, नाश्त्याला रोज गार ब्रेड नि चीज, तिसऱ्या दिवशी आईनं पर्समधनं कांदा-लसूण चटणीची पुडी काढलीच.