मानेतून हातात उतरणारी कळ: एमआरआय लगेच काढायचा, थोडं थांबायचं की नसांची टेस्ट करायची?

मानेतून कळ निघते, दंडावरून खाली बोटांपर्यंत जाते, मुंग्या येतात, आणि भेटेल तो सांगतो की एमआरआय काढून टाक एकदाचा, सगळं कळेल. सगळं कळत नाही हो. मी एमआरआय पण करून बसलोय आणि सुया टोचायची नसांची टेस्ट पण, त्यामुळे कशातून काय हाती लागतं ते लिहितो, बाकी तुमचं तुम्ही डॉक्टरांशी बोलून ठरवा.

आधी ज्यांनी हे वाचत बसायचंच नाही त्यांच्यासाठी. हाताची ताकद दिवसेंदिवस कमी होतेय, शर्टाची बटणं लावता येईनाशी झालीत, चालताना तोल जातोय, लघवी-संडासवरचा ताबा सुटतोय, किंवा सोबत ताप आहे, आधी कॅन्सर होऊन गेलाय, असं काही असेल तर एमआरआय लवकरात लवकर, कारण मग प्रश्न एका नसेचा नाही तर मज्जारज्जूचा किंवा आणखी कशाचा असू शकतो. आणि डाव्या हाताच्या कळेबरोबर छातीत जड वाटून घाम फुटत असेल तर मान-बिन विसरा, तडक इमर्जन्सीत जा.

आता उरलेले, म्हणजे आपल्यापैकी बहुतेक जण.

सगळ्यात स्वस्तात मस्त तपासणी म्हणजे डॉक्टरांचे हात, आणि नेमकी तीच लोक मोजत नाहीत. मानेत मणके ७ पण नसांच्या जोड्या ८, त्यामुळे ५व्या-६व्या मणक्यामधली डिस्क (दोन मणक्यांमधली मऊ गादी) सरकली तर ६वी नस दबते, ६व्या-७व्या मधली सरकली तर ७वी. यात ७वी सगळ्यात जास्त वेळा सापडते आणि तिच्यामागोमाग ६वी. अंगठा आणि तर्जनी बधिर असेल तर ६वीवर संशय, मधलं बोट असेल आणि कोपर सरळ करताना जोर लागत नसेल तर ७वी, करंगळीच्या बाजूला असेल आणि पकड ढिली झाली असेल तर ८वी. अगदी रेघ मारल्यासारखं नसतं, शेजारच्या नसांचे भाग एकमेकांवर चढलेले असतात, पण अंदाज बऱ्यापैकी येतो. मग मान दुखऱ्या बाजूला कलवून वरून हलकंच दाबतात, कळ हातात उतरली तर समजायचं मूळ मानेत आहे (हे घरी कोणाकडून करून घेऊ नका प्लीज). उलट हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं, ही पण एक खूण. मी कित्येक रात्री शाळेतल्या शिक्षा झालेल्या पोरासारखा डोक्यावर हात ठेवून झोपलोय.

एक्स-रे आणि एमआरआय यांची तुलना खरं तर करायलाच नको. एक्स-रेत हाडं दिसतात, मणक्यांमधली जागा कमी झालेली दिसते, मान पुढे-मागे वाकवून काढला तर मणका सरकतोय का तेही कळतं, पण नस आणि डिस्क दिसत नाही, संपलं. सीटी हाडासाठी जास्त चांगला, म्हणजे दाबणारी गोष्ट मऊ डिस्क आहे की वाढलेलं हाड हे त्यात जास्त स्पष्ट होतं, फक्त त्यात रेडिएशन आहे. पेसमेकरमुळे एमआरआय होत नसेल (आता बरेच पेसमेकर चालतात, पण आधी सांगायलाच हवं) तर पाठीच्या कण्यातल्या पाण्यात डाय सोडून सीटी काढतात, तो पर्याय उपयोगी आहे पण सुई आली.

खरा निर्णय असतो तो एमआरआय आत्ता की दीड महिन्याने.

एमआरआयत रेडिएशन नाही, डिस्क, नस, मज्जारज्जू सगळं दिसतं, साधारण २०-३० मिनिटं न हलता पडायचं, ठकठक आवाज प्रचंड, आणि बंद जागेची भीती असेल तर ते आधीच सांगा, हातात एक रबरी फुगा देतात तो दाबला की बाहेर काढतात. मग अडचण कुठे? अडचण ही की तो गरजेपेक्षा जास्त दाखवतो. १९९०च्या एका अभ्यासात कसलाही त्रास नसलेल्या ६३ लोकांच्या मानेचे एमआरआय काढले तर १९ टक्के लोकांत दोष निघाला, चाळिशीच्या पुढच्यांत २८ टक्के. २०१५ मध्ये जपानमधल्या १२११ निरोगी लोकांच्या अभ्यासात तर ८७.६ टक्के लोकांच्या डिस्क फुगलेल्या निघाल्या. म्हणजे रिपोर्टात "डिस्क बल्ज" वाचून रात्रभर गुगल करत बसलेला माणूस आणि शेजारी मजेत फिरणारा माणूस, दोघांचा फोटो सारखाच असू शकतो.

माझंच बघा. कळ उजव्या हातात, मधल्या बोटापर्यंत. रिपोर्टात ५-६ला डावीकडे भलं मोठं बल्ज, आणि खाली एका ओळीत ६-७ला उजवीकडे "किंचित". मी त्या मोठ्या बल्जला धरून आठवडाभर रडलो. डॉक्टरांनी विचारलं, डावा हात दुखतो का? नाही. मग ते सोडा. गुन्हेगार ती किंचितवालीच होती.

दुसरी गोष्ट, ज्यांची ताकद शाबूत आहे अशा बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांपासून काही महिन्यांत ऑपरेशनशिवाय उतरतो, आणि त्या काळात एमआरआय असला काय नसला काय, औषधं आणि व्यायाम तेच. म्हणून मी तरी म्हणेन, पाच-सहा आठवडे थांबून फरक नाही पडला, किंवा इंजेक्शन-ऑपरेशनचा विषय निघाला, तर काढा, कारण तिथे नेमकी जागा कळणं लागतंच.

नसांची टेस्ट (एनसीव्ही-ईएमजी) वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देते. एमआरआय सांगतो जागा कुठे चिंचोळी झालीय, ही सांगते नस काम कशी करतेय. हाताला मुंग्या मनगटात नस दबल्यामुळे पण येतात, रात्री जाग येऊन हात झटकावा लागत असेल तर जास्त शक्यता तीच, आणि कधी कधी दोन्हीकडे गडबड असते. असा घोळ असेल तर ही टेस्ट एमआरआयपेक्षा कामाची. फक्त घाई नको, स्नायूतले बदल सुईत दिसायला साधारण ३ आठवडे लागतात, माझी दहाव्या दिवशी केली आणि नॉर्मल आली, परत करावी लागली. शिवाय नुसतं दुखणं-मुंग्या असतील, ताकद ठीक असेल, तर मानेत नस दबलेली असूनही ही नॉर्मल येऊ शकते.

एमआरआय काढायचं ठरलंच तर फॉर्मवर नुसतं "मानदुखी" लिहून देऊ नका, कुठला हात, कुठली बोटं, कधीपासून हे लिहा म्हणजे फोटो वाचणारा नेमकं तिथे बघेल. आणि डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टच्या कागदाबरोबर फिल्म किंवा सीडी पण न्या, माझ्या डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवून आधी फिल्मच उजेडात धरली होती.